वरातीत कधीच न संपलेली धून

आप्पा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि आता तो काढायचा कुणावर? सोलापुरातल्या लग्नाचा बँड तुमचा. लोकांना नाचायला लागतं ते वाजवायचं सोडून तुम्हाला हा फ्रेंच संगीतकार कुठे भेटला? रेडिओवर त्याची ती धून ऐकलीत आणि वेडच लागलं. पहिल्यापासून ताशाचा एकच ठेका, त्यावर तीच तीच धून, आधी क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट, मग सगळेच. आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही ओट्यावर बोटं वाजवत तिला सांगायचात, तो कसा ठेंगणा होता, कपड्यांचा कसा शौकीन, आणि शेवटी शेवटी डोक्यात संगीत असूनही ते कागदावर कसं उतरेना. आईला त्या माणसाच्या कपड्यांचं काय पडलं होतं?

माझ्या लग्नात तर कहर केलात. मुलीच्या बापानं मांडवाच्या दारात उभं राहायचं. तुम्ही मात्र नवरदेवाच्या घोड्यापुढे क्लॅरिनेट वाजवत निघालात, कारण ती धून दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडवेना. वऱ्हाडातल्या पोरांना त्यावर नाचता येईना. शेवटी दारातून आई म्हणाली, "आवरा की आता, मुहूर्त टळाय लागलाय." तुम्ही मान हलवलीत, म्हणजे थोडंच राहिलंय. पण वरात दारात आली की बँड थांबतो, तसा तो थांबला. दर लग्नात हेच. सुरुवात इतकी सावकाश करायचात की धून संपायच्या आत मांडव यायचा. सासरी मला अजून टोमणे ऐकावे लागतात.

मग पक्षाघातात तुमची बोटं गेली. पेज भरवताना मी वैतागून विचारलं, त्या धुनेचा शेवट तरी काय आहे? तुम्ही म्हणालात, "ऐकवतो की. जरा बोटं वळू दे." त्या फ्रेंच माणसाचीच गत झाली होती तुमची, पण हट्ट जाईपर्यंत काही सुटला नाही.

परवा जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीनं तीच धून मोबाइलवर लावली. मी कांदा चिरत उभी होते. आवाज चढत गेला, आणि ती म्हणाली, "आई, ऐक की, थोडंच राहिलंय." मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि बंद केला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते आप्पा, तो शेवट मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचा नाही.