दोन पेरं खोल

३ डिसेंबर
घर मिळालं! नवीन गाव, नवीन शिवणदुकान आणि पहिल्याच आठवड्यात डोक्यावर छप्पर. घरमालकीण निवृत्त मुख्याध्यापिका. थंडी संपेपर्यंत मुलाकडे चालल्या आहेत. तोवर त्यांची अकरा झाडं मी सांभाळायची. सगळी उष्ण प्रदेशातली, नुसत्या पानांची, थंडीचं नाव काढलं की गळाठणारी. अकराच्या अकरा जगली तर मागच्या दोन खोल्या कायमच्या आमच्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या. आई गेल्यापासून बिचारी वसतिगृहात दिवस काढतेय. तिला लगेच कळवलं, परीक्षा संपली की बाडबिस्तारा घेऊन थेट इकडेच ये, मी दुकानात असलो तर दुसरी किल्ली कायम पायपुसण्याखाली असेल.

बाईंनी किल्ली डाव्या हाताने दिली. उजवा शालीतच होता. नियम एकच, पण तीनदा बजावला. रोज प्रत्येक कुंडीत बोट दोन पेरं खोल घालून बघायचं, माती कोरडी लागली तरच पाणी घालायचं. काडी नाही, हातमोजे नाहीत. बोटच.

८ डिसेंबर
झाडं कसली, लग्नघरात रुसून बसलेल्या आत्याबाई आहेत. हीटर लावला की पानांच्या कडा करपतात, बंद केला की माना टाकतात. खिडकीशी ठेवावीत तर काच बर्फासारखी, आत ठेवावीत तर उजेड नाही. कुंड्यांखाली खडे आणि पाणी घालून थाळ्या ठेवल्या, एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. दहा कुंड्या पुढच्या खोलीत आहेत. सर्वांत मोठी, फाटक्या पानांची, माझ्या मागच्या खोलीत. बाई तिला थोरली म्हणतात. एवढी सरबराई करूनही थोरलीचं एक पान पिवळं पडलंच.

धाकटीला फोनवर सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. ती खो खो हसली. मी आल्या आल्या तुझ्या आत्याबाईंची नाडी बघते, तू स्वस्थ बस म्हणाली. मग मीही तिला दोन पेरांचा नियम नीट शिकवून टाकला.

१४ डिसेंबर
सहा दिवसांत पाण्याचा थेंब घातलेला नाही, तरी माती ओलीच. डोकं फिरायची वेळ आली आहे. शिवाय सकाळी कुंड्या खिडकीकडे वळवून जातो आणि परत येऊन बघतो तर एकूण एक पान माझ्या खुर्चीकडे. झाडं उजेडाकडे वळतात असं शाळेत शिकलो होतो. परत फिरवल्या. परत वळल्या. मुद्दाम माझा अंत बघतायत.

एवढंच बरं की माती कोमट असते. गारठलेल्या बोटाला शेक मिळतो.

१९ डिसेंबर
दुकानात फजिती. काज करताना सुई तर्जनीत आरपार गेली आणि मला पत्ताच नाही. मालक ओरडले तेव्हा कळलं. रक्त आलं नाही. पाण्याचा एक थेंब आला. मालक म्हणाले थंडीने बधिर झालं असेल. शिंप्याचं बोट बधिर झालं तर त्याने खायचं काय?

थोरलीला ऐन थंडीत नवं पान आलंय. शिरा लालसर आहेत.

२३ डिसेंबर
बोट पांढरं पडलंय. नखाखालून केसाएवढं मूळ बाहेर आलं होतं. चिमट्याने ओढलं तर खांद्यापर्यंत कळ गेली.

बाईंना फोन करून नाही नाही ते बोललो. त्यांनी शांतपणे विचारलं, रोज घालताय ना बोट? मी चिडून म्हटलं, मग स्वतःचं का नाही घातलंत? म्हणाल्या, घालत होते की. आता उजव्या हाताला उरली नाहीत.

गाशा गुंडाळून आत्ता निघालो असतो. पण धाकटीने वसतिगृहाची खोली सोडली आहे. परवापासून तिचा फोनही लागत नाही. ती येऊन इथे एकटीने दार उघडेल, म्हणून थांबलोय.

२६ डिसेंबर
तीन दिवस बोट घातलं नाही. सगळ्यांनी माना टाकल्या. टाकू देत. धाकटी यायच्या आत एकेक उपटून बाहेर फेकतो. थोरलीपासून सुरुवात. नाही चालत मला यांची मिजास.

२७ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितोय. बुंधा उपटायला गेलो, तर उजवा हात मनगटापर्यंत मातीत — निघत नाही. कुंडी हलत नाही. फोन पुढच्या खोलीत. तहान. घसा कोरडा ठणठणीत. थोरली मात्र टवटवीत —
दुखत नाही. हेच वाईट.

२८ डिसेंबर
किल्ली फिरली. आली.

ओरडतोय. नुसती हवा निघते —

पुढच्या खोलीत आहे. दादा, कुठायस रे? झाडं किती सुकवलीस! थांब, म्हणते, आधी माती बघते —

मीच शिकवलं. मीच —

पाय आपटतोय. ऐक ना गं —

हसली. म्हणतेय, दादा, माती कोमट कशी रे ही —