आठळी शिजेपर्यंत

कसाल,
दि. १२ ऑगस्ट २०२५

ती. विनीताताईस,

देवेशचा नमस्कार. इकडे भात लावून झालं. आईचा गुडघा दुखतोच. रेडीला तुम्ही सगळे बरे असाल. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. चूक राहू नये म्हणून आधी कच्चं लिहून काढलं.

काल डुकरांची रिकामी खोपी झाडली. कोपऱ्यात नारळाच्या सालीचं ते सोडण सापडलं. त्याने तू शेवंतीची पाठ घासायचीस आणि एवढी मोठी डुकरीण धपकन कुशीवर पडून डोळे मिटायची. मग पिल्लं दुधासाठी भांडायची. सगळ्यात बारक्याला तू उचलून पुढच्या सडाला लावायचीस, तिथे दूध जास्त म्हणून.

संध्याकाळी हॉटेलातलं उरलेलं अन्न आलं की डुकरांना रोग लागू नये म्हणून भाई ते हंड्यात उकळत ठेवायचे आणि वरून फणसाची एक आठळी टाकायचे. "आठळी बोटान फुटली काय मगेच उतरय." ती फोडून बघायचा मान लेकीचा, तुझा. बोटं पोळली तरी मला हात लावू द्यायची नाहीस. शेजारची मथुराकाकी कुंपणावरून, नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या घोवाक पण मी इतक्या शिजवन घालूक नाय गो." भाई म्हणायचे, "मगे तेकाय हंय जेवक धाड."

तुझं लग्न झालं आणि हंडा माझ्याकडे आला. मी आठळी दोनदा दाबून बघायचो. फक्त एक दिवस चुकवला.

गेल्या वर्षी, चतुर्थीच्या आठ दिवस आधी. लाकडं ओली होती, चूल पेटेना. हॉटेलातून आलेल्या डब्यातून वाफ येत होती. मला वाटलं, आताच तर शिजलंय, परत कशाला उकळायचं. तसंच ओतलं. डब्याच्या तळाशी डुकराच्या मटणाची कच्ची सालपटं होती, रोग येतो तो त्यातूनच. ती दिसली तेव्हा शेवंतीचं तोंड त्यातच होतं.

तू चतुर्थीला आलीस त्या सकाळीच शेवंतीने खाणं सोडलं होतं. तू तेव्हा एसटीत होतीस, खोपीत तुझा पाय अजून पडायचा होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तू आल्यापासून पाचव्या दिवसापर्यंत सहा मेली. डॉक्टरांनी उरलेली मारून चुन्यात पुरायला लावली, आणि रोग बाहेरून आला म्हणाले. तेव्हा भाई सगळ्यांसमोर तुला बोलले, "तुमच्या बाजूक साथ आसा. रोग तुझ्या पायांनी इलो." तुझ्या चपला त्यांनी चुलीत घातल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाण्याची टोपली उचलून खोपीत गेलो. खायला तिथे कोणी उरलं नव्हतं. तू अनवाणी स्टँडवर गेलीस ते मी आतून बघितलं.

त्यानंतर तू आली नाहीस. फोनवर आईला म्हणालीस, "माझाच चुकला गो आये. खोपीत जावक नको होता." आईने ते मला सांगितलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

आज सकाळी भाईंना सगळं सांगितलं. मारतील असं वाटलं होतं. ते पडवीत जाऊन बसले. मग तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आधीच बंद केला. "काय सांगू मी तिका? तू लिही," म्हणाले. आता समोरच बसलेत. काय लिहिलं ते विचारत नाहीत. आत्ता एवढंच म्हणाले, "चतुर्थीक येतली काय, इचार तिका."

मी विचारत नाही, ताई. ते विचारायचं तोंड मला नाही. त्यांचं वाक्य जसंच्या तसं तुझ्यापर्यंत पोचवतो.

ज्याचा दोष तू वर्षभर वाहिलास,
तो तुझा भाऊ,
देवेश