गावची होडी कापली

मानकोली, भिवंडी
१२ फेब्रुवारी १९९३

प्रिय मंदा,

सप्रेम जयभीम. माझी तब्येत बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. बाळीचं अंग भरलं का? तुझी कंबर अजून दुखते का?

बारशाला माझं येणं होत नाही. आधी कारण वाच, मग रागव.

आपल्या गावच्या खाडीसाठी इथे शेठच्या कारखान्यात बनवत होतो ती फायबरची होडी तयार झाली, रंगही लागला. पण तळाला ठोकून पाहिलं तर एका जागी पोकळ आवाज आला. तिथे कापलं, तर काचेच्या कापडाचा थर सालीसारखा सुटून हातात आला. गोदामात त्या कापडाला ओल लागली होती. ओल्या धाग्याला रेझीन, म्हणजे थर चिकटवणारा रस, धरून राहत नाही. वरून काही कळत नाही, पण लाटांचा मार बसला की थर सुटत जातात.

शेठ म्हणाले, "रामदास, पॅच मार दे, चल जाएगी."

मी म्हटलं, "शेठ, इसमें हमारे गांव के बच्चे स्कूल जाएंगे."

त्यांनी तो सुटलेला थर हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "काट डाल. लेकिन नई बनाके ही गांव जाना."

काल करवत मीच चालवली. काचेच्या भुशाने हातांना खाज सुटली आहे, काळजी करू नकोस.

बाळीच्या पाळण्याला एकदा तरी हात लावायचा होता, तो राहून गेला. नाव तुला आवडेल ते ठेव. आक्का तिची आत्या, तिला एवढंच सांग, बाळीच्या कानात नाव घेताना एकदा माझ्या वाटचंही घे.

आईला जयभीम.

तुझा,
रामदास