चिंचेखालचा बंकर

अण्णा, काल मी तुमच्या गोल्फच्या मैदानावर जाऊन आले. एकटी नाही, तिच्याबरोबर. ती म्हणजे पुण्याहून बेंगळूरला आलेली तुमची आर्किटेक्ट. तिचं नाव इथे लिहीत नाही. आपल्या घरात ते तेव्हा इतकं घेतलं जायचं की माझ्या वाट्याचं केव्हाच घेऊन झालं आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं. मैदान पुन्हा साहेबाच्या काळात होतं तसं करायचं, असं क्लबानं ठरवलं होतं. जुने वाळूचे बंकर बुजले होते, आणि भोकांभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तुमची ग्रीन, गवत कापणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आतून आतून यंत्र फिरवल्यामुळे आक्रसली होती. जन्मभर ते गवत राखलेले तुम्ही, आणि नकाशे घेऊन आलेली ती, माझ्याच वयाची. नकाशावरून ग्रीनची मूळ कड सापडेना, तेव्हा तुम्ही चपला काढल्या. सकाळच्या दवात अनवाणी चालायचं. जुन्या ग्रीनखालची माती रेताड, पायाला मऊ लागते, कड संपली की तांबडी टणक माती. तुम्ही पुढे, मागून झेंड्या रोवत ती, तीही अनवाणी. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही, सगळं जेवताना ऐकलेलं. पोरीच्या पायाला कळायला लागलं, असं तुम्ही आईला कौतुकानं सांगता आहात आणि मी तुमच्या भातावर सारू वाढते आहे. मला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही ‘सरी’, ठीक आहे, एवढंच म्हणाला होता.

एका रविवारी ती इंदिरानगरहून आपल्या बनशंकरीच्या घरी जेवायला आली. स्वयंपाकघरात पाटावर बसली, आईच्या बिसीबेळेचं तोंड भरून कौतुक केलं, आणि पुन्हा वाढू का विचारल्यावर संकोचली. तुम्ही म्हणालात, “लाजू नको पुट्टी, स्वल्प घे की.” पुट्टी. ती हाक माझी होती. मी हायस्कुलात गेले तशी ती बंद झाली, आणि मी मोठी झाले म्हणून झाली असेल असं मी समजत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती गेल्यावर मी म्हटलं, मलाही एकदा न्या की मैदानावर. “तिथं तुझं काय काम?” तुम्ही रागावला नव्हता. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

आता तिचे केस पिकलेत. कामासाठी बेंगळूरला आली होती, आग्रह करून मला घेऊन गेली. दर पावलाला अण्णा इथं असं म्हणाले, अण्णांनी हे असं करवलं. माझ्याशी बोलताना ‘तुमचे वडील’ म्हणायला हिचं काय जात होतं? शेवटी कुंपणाजवळच्या चिंचेखाली थांबली. “हा बंकर नकाशात नव्हताच. खणताना नदीची वाळू लागली. मी म्हटलं, हा सगळ्यांत जुना असणार. अण्णांनी वाकून मूठभर वाळू हातात घेतली. मग म्हणाले, असू दे, राख.”

मी त्या झाडाकडे बघत राहिले. आई धाकट्याच्या वेळी आजारी होती, मी शाळेतही जात नव्हते. सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून तिथे न्यायचात. तुमचं काम होईपर्यंत मी एका जागी बसावं म्हणून त्याच चिंचेखाली तुम्ही माझ्यासाठी नदीची वाळू ओतून घेतली होती. दिवसभर मी त्यात खेळायचे. मी ते पार विसरले होते, अण्णा. तुम्ही विसरला नव्हता.

तिला मी यातलं काही सांगितलं नाही. छान आहे, एवढंच म्हटलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. मी गप्प बसले ते तिचं मन मोडू नये म्हणून नाही. एवढं तरी तिच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.