फ्रिजचं नवं रबर

देवेंद्र,

ही चिठ्ठी फ्रिजच्या दारातून ओढताना जोर लागला ना? मुद्दामच अडकवली होती. कागद सटकन निघाला असता, तर दाराचं रबर ढिलं आहे असं समजायचं.

काल सूनबाईला, सुमेधाला, फोनवर सांगत होतास, "आईचा फ्रिजसुद्धा गेला, तिला आता एकटीला झेपत नाही." गॅलरीतलं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येतं, बेटा. फ्रिज गेला नव्हता. नुसतं रबर फाटलं होतं.

सकाळी तू मित्रांकडे गेलास आणि मी ते खेचून काढलं. माप चुकू नये म्हणून तेच घेऊन राजवाड्यावरच्या बाजारात गेले. पिशवीत मावेना, म्हणून हारासारखं गळ्यात घातलं. ऑटोवाला म्हणाला, "अम्माजी, आज किसका स्वागत है?" म्हटलं, "हमारा ही है, भिया!"

नवं रबर घडीत आखडलं होतं. सुमेधा दिवाळीत विसरून गेली त्या हेअर ड्रायरने गरम केलं, तेव्हा कुठे खाचेत नीट बसलं. हो, मीच बसवलं. कोणाला बोलावलं नाही.

मी भिशीला चालले आहे. वरण-भात झाकून ठेवलाय, वर शेव घालून घे.

पाच वाजता घर बघायला तुझा तो दलाल येणार आहे, तेही ऐकलं. त्याला फ्रिजमधलं गार पाणी दे आणि रवाना कर. घर माझं आहे आणि मी इथेच राहणार. नाहीच ऐकला, तर ही चिठ्ठी परत दारात अडकव आणि त्याला ओढायला सांग.

आई