शब्दाच्या पुढे, शब्दाच्या मागे

प्रिय आबा,

आज सातवीच्या वर्गात शब्दांना पुढून-मागून जोड लावून नवे शब्द करायचा धडा होता. ‘हॅपी’चं ‘अनहॅपी’, ‘काइंड’चं ‘अनकाइंड’ असं फळ्यावर लिहीत होते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग गरीब म्हणजे ‘अनरीच’ का नाही?” आणि उत्तर द्यायचं सोडून मी दाराकडे पाहिलं. तुम्ही तिथे उभे असल्यासारखं! घरी येऊन पेन हातात घेतलं ते त्यामुळेच.

तुम्ही काय म्हणाला असता, ते ठाऊक आहे मला. “व्हायला हरकत नव्हती. पण लोक तसं बोलले नाहीत, म्हणून झाला नाही.”

आठवतं? धुळ्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन मी पारोळ्याला आले, तेव्हा माझं बी.ए. इंग्रजीपायी अडलं होतं. सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही, असं माहेरी बजावून पाठवलेलं. आणि तुम्ही, हायस्कुलातून नुकतेच निवृत्त झालेले इंग्रजीचे सर, सरळ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलात!

“पोरी, भाकरी थापता थापता सांग. ‘बेइमान’मधलं ‘बे’ काढलं तर काय उरतं?”

“इमान.”

“झालं तर! त्यांचं ‘डिस’ तसंच. ऑनेस्ट, डिसऑनेस्ट. तुला हे येतंच होतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.”

मला काही येतं, असं त्याआधी कोण म्हणालं होतं, आबा?

‘टीच’ला ‘अर’ लावला की शिकवणारा, ‘फार्म’ला लावला की शेतकरी. मग मी जोरात म्हटलं, “म्हणजे कुकर म्हणजे स्वयंपाकी!” तुम्ही हसत गॅसवरच्या कुकरकडे बोट दाखवलंत. स्वयंपाकी तो नुसता ‘कुक’. आई भाजी चिरता चिरता कुकरकडे मान उडवून म्हणाल्या, “मंग मी कुक, नि हाऊ मना कुकर!” केवढे हसलो होतो आपण!

‘पॉसिबल’ला ‘इन’ न लागता ‘इम’ का लागतो, ते काही केल्या डोक्यात राहीना. तुम्ही म्हणालात, “आंबा म्हण. टिंबाचा ‘म’ झाला ना? पुढे ‘ब’ येणार, म्हणून ओठ आधीच मिटतात. इथे ‘प’ आहे, एवढाच फरक.” परीक्षेच्या हॉलमध्ये मी मनातल्या मनात आंबा म्हणत बसले होते.

मी पास झाले, बी.एड. केलं, नोकरी लागली, आपण सगळे जळगावला मेहरूणला राहायला आलो. आणि एका सकाळी तुमचा उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, “त्यांना समजतं सगळं. शब्द बाहेर येत नाहीत. येतील की नाही, सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा.”

किती चिडायचात तुम्ही! स्वतःवरच. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करायचात. तुमच्या शाळेतले जुने सर अमळनेरहून एसटीने आले, तासभर बसले, तुमच्या पाठीशी बोलून परत गेले. ते मात्र बरं केलं नाहीत हं.

मग मीच तुमच्यासमोर खुर्ची टाकली. शाळेतून आले की बसायचे. “टीच,” म्हणायचे आणि पुढच्या तुकड्यासाठी थांबायचे. काही येत नसे. तुम्ही मान फिरवायचात. असं कितीतरी दिवस चाललं. एका दुपारी मी ‘पॉसिबल’ म्हटलं. तुमचे ओठ हळूहळू जवळ आले, मिटले.

“इम्.”

आई पिठाचे हात घेऊन धावत आल्या. “बोलनात? काय बोलनात?”

“इम्पॉसिबल म्हणाले, आई!” मी रडत होते, आणि तुम्ही हसत होता.

त्यानंतर तुकडे येत गेले. ‘होप’ला ‘फुल’. मग चहा, पाणी. मग एक दिवस आईंचं नाव, जे उभ्या संसारात तुम्ही त्यांच्यासमोर कधी घेतलं नव्हतंत! आई लाजून आत पळाल्या. लांब वाक्य मात्र कधी आलं नाही. मी शब्द पुरा करायला गेले की तुम्ही डावा हात वर करायचात. थांब.

गेलात त्या सकाळी चहा पाजत होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “अन…” मी कप खाली ठेवला, थांबले. तुम्ही पुन्हा “अन…” म्हणालात, माझ्या हातावर थोपटलंत आणि डोळे मिटलेत. पुढचं आलंच नाही. ‘अनवेल’? ‘अनहॅपी’? माझ्याकडे पाहून ‘अनहॅपी’ का म्हणाल तुम्ही? हा प्रश्न मला वर्षभर छळत होता.

आज शेवटी आईंना विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, “ते इंग्रजी नव्हतं वं. ‘अन्’ म्हनत व्हतात त्या. आखो काहीतरी सांगनं व्हतं त्यासले.”

अन्! आपलं साधं ‘आणि’. तुम्हाला आणखी काहीतरी सांगायचं होतं, एवढंच. किती दिवसांनी हलकं वाटलं, आबा.

उद्या त्या मुलीला उत्तर देईन. आणि वर्गात कुणीही अर्ध्या शब्दावर अडखळलं, तर तो शब्द मी पुरा करणार नाही. घंटा झाली तरी थांबेन.

तुमची सून,
वैशाली