सहाशे चाळीस ग्रॅम जास्त

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७
आज मुलीचा रविवार. महिन्यातले दोन रविवार ती माझ्याकडे असते, बाकीचे दिवस तिच्या आईकडे. नेहमीच्या हॉटेलात जेवलो. तिने सांगितलं की तिने माउंटन बाइकिंग सुरू केलंय, टेकडीमागच्या कच्च्या वाटांवर, आणि त्यांचा ग्रुप रविवारीच निघतो. मग आपलं काय, मी विचारलं. म्हणाली, सोपं आहे बाबा, तूही सायकल घे आणि चल, नाहीतरी इथे बसून आपण दोघं मेनूकार्डच वाचतो.
हे खरं नाही. आज मी तिला अभ्यासाबद्दलही विचारलं. दोनदा.
निर्णय: माउंटन बाइक घ्यायची. पंधरा दिवसांत. कारण तब्येत. वय त्रेचाळीस, बैठं काम, कोलेस्टेरॉल काठावर. मुलीचा संबंध नाही. म्हणजे फक्त तेवढाच नाही.

६ जानेवारी, मंगळवार
वाचन सुरू. एक्सेल शीट केली. सायकली नऊ, कॉलम तेवीस. आतापर्यंतचे निष्कर्ष: नवशिक्याने फक्त पुढे सस्पेन्शन असलेली घ्यावी. स्वस्तातली मागेपुढे सस्पेन्शनवाली म्हणजे नुसतं ओझं. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असावेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रेमचा साइज. तो चुकला की बाकी सगळं फुकट.
हा विषय माझ्या प्रकृतीला मानवणारा आहे. वजनकाटे तपासणं हीच माझी नोकरी. आमच्याकडे प्रत्येक रीडिंग तीनदा घेतात आणि त्यावर दुसऱ्या माणसाची सही लागते.

११ जानेवारी, रविवार
फ्रेमच्या साइजसाठी पायाची आतली उंची मोजली. पद्धत: भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये घट्ट धरायचं आणि दुसऱ्या व्यक्तीने टेप लावायची.
दुसरी व्यक्ती उपलब्ध नाही.
एकट्याने घेतलेली रीडिंग्ज: ७६, ७८.५, ७४. टेप वाचायला वाकलं की पुस्तक सरकतं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना बोलवावं म्हणून दार उघडलं. त्यांना नक्की काय धरायला सांगणार, हे लक्षात आलं आणि दार लावून घेतलं. सरासरी काढता येईल, पण तीन रीडिंगमध्ये एवढा फरक असलेला काटा मी ऑफिसात नापास करतो.

१८ जानेवारी, रविवार
मुलीचा फोन, सकाळी आठ. घेतलीस का? म्हटलं, प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. म्हणाली, बरं, मग मी आज ग्रुपबरोबर जाते, पुढच्या वेळी नक्की हं बाबा.
एका अर्थी बरंच झालं. आख्खा दिवस मोकळा मिळाला. टायरच्या रुंदीचा कॉलम पूर्ण केला. साडेदहाला झाला. मग दिवस बराच उरला.

२४ जानेवारी, शनिवार
सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, मीडियम. मोजणार नाही का, मी विचारलं. साहेब, म्हणाला, तीस वर्षं लोकांचे पायच बघतोय.
एका निळ्या सायकलवर बसवलं. पाय टेकले, हात पोचले, बजेटमध्येही बसत होती. म्हणाला, घेऊन जा, उद्या चालवा. माहितीपत्रकात वजन चौदा किलो लिहिलंय. म्हटलं, एकदा ताडून पाहतो आणि ठरवतो. कशाशी ताडून, असं त्याने विचारलं. सांगितलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार
ऑफिसातला प्रमाणित टांगता काटा रीतसर नोंद करून बरोबर नेला. दुकानाच्या छताच्या हुकाला लावला, त्याला सायकल टांगली. चौदा किलो सहाशे चाळीस ग्रॅम. तिन्ही वेळा. दुकानदाराकडे सही मागितली.
म्हणाला, साहेब, तुम्ही जेवून सायकलवर बसलात तरी एवढा फरक पडतो. तर्कात चूक नाही. पण प्रश्न सहाशे चाळीस ग्रॅमचा नाही. वजनच खोटं लिहिलंय तर ब्रेकचं तरी कशावरून खरं? घेतली नाही. काटा काढताना त्याने शिडी धरली.
उद्या मुलीचा रविवार आहे. ती समजून घेईल. समजूतदार आहे.

१ फेब्रुवारी, रविवार
सहाशे चाळीस ग्रॅमचं तिला फोनवर सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, बाबा, तू सायकल घेतोयस की तिच्याशी लग्न ठरवतोयस? मी हसलो.
नंतर आठवलं की लग्न ठरवताना मी काहीच तपासलं नव्हतं. कदाचित तेव्हापासूनच ही सवय लागली असेल. यावर विचार करायला हवा, पण आधी सायकल.
फोन ठेवता ठेवता म्हणाली, कुठलीही घे रे, चाकं गोल असली की झालं. बालिश दृष्टिकोन. सतरा वर्षं हे वयच तसं.

१५ फेब्रुवारी, रविवार
तिच्या आईकडे आता जे गृहस्थ असतात, त्यांनी माउंटन बाइक घेतली. बँकेतून घरी येताना, दहा मिनिटांत. निळी. मीडियम. दुकानात एकच निळी होती.
दर रविवारी दोघं बरोबर जातात. गेल्या रविवारी काका चिखलात पडले, म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मलाही ते सांगताना खूप हसत होती.
मला काही वाटलं नाही. केवळ नोंद म्हणून लिहितो. त्यांना वजन माहीत नसणार.

१५ मार्च, रविवार
फोन आला नाही. मीही केला नाही. तिला वाटेल मी मागे लागतो. दुपारी त्याच हॉटेलात गेलो. वेटरने सवयीने दोन मेनूकार्डं ठेवली. दोन्ही वाचली.
शीटमध्ये आता चौदा सायकली. दोन मॉडेलं मात्र बंद झाली.

१८ एप्रिल, शनिवार
घेतली. राखाडी, मीडियम, वजन छापल्याप्रमाणे. निर्णयाला पंधरा दिवसांऐवजी पंधरा आठवडे लागले, पण चुकीची घेतली नाही. मुलीला फोटो पाठवला. लगेच फोन आला.
मस्त आहे बाबा, म्हणाली. मग म्हणाली की तिला मार्चमध्येच दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, मे अखेरीस जाणार, आणि तिची सायकल तिने कालच मैत्रिणीला दिली. हे मला तेव्हाच सांगायचं ना, मी म्हणालो. म्हणाली, मार्चमध्ये तू पेडलच्या कॉलमवर होतास.
वर म्हणाली, तुम्ही दोघं जा ना, काकांनाही आता सोबत नाही. म्हटलं, बघू. हे मी नकार म्हणून म्हटलं होतं. तिने होकार म्हणून कळवलं.

१४ जून, रविवार. सकाळी ११
गृहस्थ बरोबर सहाला बिल्डिंगखाली येऊन उभे होते. टेकडीमागच्या वाटेने गेलो. माझी सायकल उत्तम आहे. पहिल्याच चढावर मी मागे पडलो, पण त्यात सायकलचा दोष नाही. ते प्रत्येक वळणावर थांबत होते. माझ्यासाठी थांबलेत असं दिसू नये म्हणून दर वेळी बुटाची लेस बांधत होते. माणूस वाईट नाही. हे लिहायला मला पाच मिनिटं लागली.
वर पोचल्यावर दोघं एका दगडावर बसलो. बाटल्या उघडून पाणी प्यायलो. मग गृहस्थच बोलू लागले. पोरीला मेसचं जेवण जात नाही. खोलीतली दुसरी मुलगी घोरते. मागच्या आठवड्यात ताप होता, दोन दिवस पडून होती. बुधवारी रात्री तासभर फोनवर रडली, आता बरी आहे. आणि मग संकोचून म्हणाले, तुम्हाला तिने सांगितलंच असेल म्हणा.
मी म्हणालो, हो, सांगितलं.
सांगितलं नव्हतं.